गीता ५.१८ : केलडी आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय ५, श्लोक १८. सोबत ज्ञानेश्वरीतल्या त्यावरच्या ओव्या.

हा श्लोक आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असतो. विद्या आणि विनय असलेला ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि ज्याला समाजाने सगळ्यात खाली ढकललं तो माणूस, या पाचही जणांकडे ज्ञानी सारख्या नजरेने बघतो. माऊलींनी ओव्यांमध्ये ही यादी अजून ताणली आहे. ते तिच्यात डास घालतात, आणि पुढे परका आणि पोटचा मुलगा हा भेद तरी कुठे उरणार, असं विचारतात. मला ही ओवी नेहमी गंमतशीर वाटायची, कारण पारायणाला बसलेलं असतानाच मी कितीतरी डास मारलेत.

खरं सांगायचं तर ५.१८ वर मी आजवर दोनदा लिहिलंय आणि दोन्ही वेळा तेच लिहिलं. जातपात मानू नका, सगळ्यांत एकच आत्मा, वगैरे. चूक काही नव्हतं त्यात, पण त्यासाठी मला काही मोजावंही लागलं नव्हतं. यंदा मे महिन्यात गावी गेलो आणि हा श्लोक अंगावर आला. लिहायला दोन महिने लागले.

आमचं गाव सिंधुदुर्गात. घरी आई-बाबा दोघंच. घराच्या मागे वीसेक माड, काजू, थोडी कलमं आणि गडग्याच्या कडेने ओळीने ११ अकेशिया. आमच्याकडे कोणी आकेशी म्हणतं, कोणी ऑस्ट्रेलियन बाभूळ. मी जन्मलो त्याच्या आसपास बाबांनी सामाजिक वनीकरणाची फुकट मिळालेली रोपं आणून लावली होती. माझ्याएवढीच ती झाडं. उंचीला मात्र मला कधीच मागे टाकून गेली.

आणि माकडं. कोकणात दोन प्रकारची, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा तो वानर. तांबूस तोंडाचं, डोक्यावर मधोमध भांग पाडून केस गोल पसरलेले, ते केलडं. मादी असेल तर केलडी. वानराचा मुख्य आहार पाला, त्यासाठी त्याचं पोटही कप्प्याकप्प्यांचं असतं. केलड्याला गालात पिशव्या असतात. दिसेल ते पिशवीत कोंबायचं, पळायचं आणि मग लांब बसून निवांत खायचं. बाबांचं शहाळं, पडवळ, चिकू, सगळं त्या पिशव्यांतून गेलंय. कौलं उचलून आत काय आहे ते बघणं हा त्यांचा आवडता उद्योग.

केलड्याचं शास्त्रीय नाव बाबांना दाखवावं म्हणून मी पडवीत बसून लॅपटॉपवर शोधत होतो. मकाका रेडिएटा. टाइप करताना बोटं घसरली आणि समोर आला अकेशियाचा फोटो. हसलो. मग डोक्यातला इंजिनियर जागा झाला. आमच्या क्षेत्रात दोन शब्द एकमेकांपासून किती लांब आहेत हे मोजायची एक पद्धत आहे, लेव्हनश्टाइन नावाच्या रशियन गणितज्ञाने १९६५ साली मांडलेली. एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं घालावी, काढावी किंवा बदलावी लागतील तो आकडा म्हणजे त्यांच्यातलं अंतर. रोमन लिपीत अकेशियाच्या पुढे एक अक्षर घाला आणि मधलं एक काढा, झालं मकाका. अंतर २. गडग्यावरचं झाड आणि त्या झाडावरचं माकड यांच्यामध्ये फक्त दोन अक्षरं! बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "माडावरचो एक नारळ घरात येणा नाय, आणि तू अक्षरां मोजतंस."

तर, ज्या कारणासाठी मी गेलो होतो ते असं. बाबांना ती ११ झाडं तोडायची होती. मुख्य कारण केलडे. रानातून येऊन ते अकेशियावर चढतात, तिथून माडावर, माडावरून कौलांवर. ती ओळ म्हणजे त्यांचा पूल. शिवाय झाडांखाली काही उगवत नाही. गळलेला पाचोळा लवकर कुजत नाही, त्याचा जाड थर बसतो. बाबांनी तिथे हळद लावून बघितली, सुरण लावून बघितला. काही नाही.

आणि अजून एक गोष्ट आहे, ती लिहायला लाज वाटते. गेल्या दिवाळीत बाबांची फोनवरची रोजची कटकट ऐकून मी इंटरनेटवरून एक छऱ्याची बंदूक मागवून गावी पाठवली होती. "नुसता आवाज करा, घाबरतील" असं म्हणालो होतो. आवाजाने घाबरायला केलडे काही मूर्ख नाहीत हे मला माहीत होतं. मी पुण्यातल्या खुर्चीत बसून एक बटण दाबलं आणि प्रश्न सोडवला असं मानून मोकळा झालो.

मी पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी ती चालवली. एका केलडीच्या मागच्या मांडीत छर्रा बसला. पोटाला पिल्लू होतं, दोन-तीन महिन्यांचं असेल. ती ओरडली नाही म्हणणार होतो, पण ओरडली, चांगलीच ओरडली, आणि पिल्लूही. तशीच तीन पायांवर चढून अकेशियाच्या वरच्या बेचक्यात जाऊन बसली. दोन दिवस तिथेच. बाकीचे येऊन तिच्या मांडीजवळचे केस उलगडून बघायचे. पिल्लू पीत होतं. आई खळ्यातून वर बघत मला म्हणाली, "तिच्या पोराक बघ." बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. बंदूक माळ्यावर गेली. वनखात्याला फोन करायला हवा होता. मी केला नाही, कारण घाबरलो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे गुन्ह्यात बसतं हे मला माहीत होतं, आणि बंदूक कोणी पाठवली हेही.

तिसऱ्या दिवशी ती उतरून गेली. चौथ्या दिवशी मशीनवाला आला आणि सकाळी आठ ते दुपारी एक या वेळात ८ झाडं आडवी झाली. ३ राहिली, कारण त्यांच्यामधून विजेची तार जाते आणि वायरमन लाइन बंद करून दिल्याशिवाय त्यांना हात लावता येत नाही. माझ्यासोबत वाढलेली ८ झाडं. आणि दीड वाजता मी भाकरी, कुळथाची पिठी आणि सुकटाची चटणी पोटभर जेवलो. चटणी दुसऱ्यांदा मागून घेतली.

संध्याकाळी पडवीत बसल्यावर मी बाबांना उपदेश करायला लागलो. प्राणिमात्रांवर दया, केलडी पण आईच ना, असं काहीतरी. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "झाड आरडणा नाय, म्हणान तुका सोपा वाटता."

म्हणजे, झाड ओरडत नाही म्हणून तुला सोपं वाटतं.

हे वाक्य मी पुण्याला घेऊन आलो. आमच्या कामातला प्रत्येक जण ते ओळखेल. सिस्टीममध्ये दोन प्रकारचे बिघाड होतात. एक ओरडणारा. रात्री तीनला फोन वाजतो, स्क्रीन लाल होते, सगळे धावतात. दुसरा मुका. काही पडत नाही, कोणाला कळत नाही, फक्त आतला डेटा रोज थोडा थोडा चुकीचा होत जातो. आम्ही नेहमी पहिल्याकडे धावतो. तो मोठा असतोच असं नाही, तो ऐकू येतो एवढंच. माझ्या दयेचं पण असंच आहे का? केलडीला चेहरा आहे, हात आहेत, ती पोराला माझ्या बायकोसारखीच कुशीत धरते. अकेशियाला यातलं काही नाही. मग मी केलडीवर दया केली, की तिच्यात मला मी दिसलो म्हणून स्वतःवरच केली?

गीतेतच ६.३२ मध्ये भगवान म्हणतात की जो सगळीकडची सुखदुःखं स्वतःच्या उपमेने बघतो तो परम योगी. आत्मौपम्य. मला लागलं तर दुखतं, तसं तिलाही. फार सुंदर कसोटी आहे, पण तिच्यात एक अडचण आहे जी मला आजवर दिसली नव्हती. जे माझ्यासारखं आहे त्याला ती सहज लागते. जे माझ्यापासून जितकं लांब, तितकी उपमा पातळ होत जाते. केलडीपर्यंत ती पोचते. डासापर्यंत पोचता पोचता दमते. झाडापाशी जाऊन तर संपतेच.

५.१८ च्या यादीत झाड नाही, हेही मला यंदाच लक्षात आलं. पाचही जण चालणारे, डोळे असलेले. झाड येतं १३.२६ मध्ये. जे जे काही जन्माला येतं, स्थावर असो की जंगम, ते क्षेत्र आणि क्षेत्रज्ञ यांच्या संयोगातून येतं. पुढच्याच श्लोकात त्या सगळ्यांत सम असलेला परमेश्वर आहे. आणि त्याच्या पुढच्या श्लोकात म्हटलंय की असं बघणारा स्वतःच स्वतःची हिंसा करत नाही. मी हे तीन श्लोक एकत्र कधी वाचलेच नव्हते. स्थावर हा शब्द जमिनीच्या सातबाऱ्यासारखा वाचून पुढे जायचो.

झाडांना जाणीव असते का? आपली परंपरा बिनधास्त हो म्हणते. महाभारताच्या शांतिपर्वात भरद्वाज भृगूंना हाच प्रश्न विचारतात आणि भृगू एकेक इंद्रिय घेऊन उत्तर देतात : उन्हाने पानं कोमेजतात म्हणजे स्पर्श कळतो, गडगडाटाने फुलं गळतात म्हणजे ऐकू येतं, वेल आधाराकडे वळत जाते म्हणजे दिसतं. मनुस्मृतीतही झाडांना आत जाणीव असते आणि सुखदुःख होतं असं आहे. जगदीशचंद्र बोसांनी झाडाची वाढ मोजायला क्रेस्कोग्राफ बनवला, तेव्हा आपल्याकडे सगळ्यांना वाटलं की झालं, सिद्ध झालं. मी इतका उतावळा नाही. झाडाला मेंदू नाही, मज्जातंतूंचं जाळं नाही. ते प्रतिसाद देतं, पण प्रतिसाद देणं म्हणजे दुखणं नव्हे. माझा सर्व्हरही प्रतिसाद देतो. त्यामुळे केलडीच्या मांडीतला छर्रा आणि अकेशियाच्या बुंध्यातली करवत या दोन गोष्टी एकच आहेत असं मी म्हणणार नाही. बाबांच्या वाक्याला हे माझं अर्धं उत्तर. ओरडणं ही काही फालतू गोष्ट नाही. ओरडणाऱ्याला दुखत असतं.

पण उरलेलं अर्धं उत्तर मला देता येईना. म्हणून मी त्या दोघांबद्दल वाचत बसलो.

केलडं अस्सल इथलं. दक्षिण भारताबाहेर जगात कुठेच नाही. उत्तरेकडून दुसऱ्या जातीचं माकड, र्‍हीसस, खाली सरकत येतंय आणि याची हद्द आक्रसत चाललीय. देवळं, घाट, रस्त्याकडेचे वड, पिंपळ अशा ठिकाणी पिढ्यानपिढ्या माणसाच्या सोबतीने राहिलेला हा प्राणी. मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं. आणि माकडतापाची साथ आली की आधी मरतात ती वानरं आणि केलडे. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात हा रोग सापडला, तोही मेलेल्या माकडांमुळेच. आमच्या दोडामार्गात २०१६ मध्ये साथ आली तेव्हा माकड मेलेलं दिसलं की लोकांना कळायचं की इथल्या गोचिडी धोक्याच्या आहेत. म्हणजे आमच्या आधी मरून ते आम्हाला सावध करतात. रोगाला नाव मात्र त्यांचं.

अकेशिया परका. उत्तर ऑस्ट्रेलिया, पापुआ न्यू गिनी, इंडोनेशियाची काही बेटं हे त्याचं माहेर. या कुळाला इंग्रजीत वॉटल म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थ वाचून मी खुर्चीतून उठलोच. वॉटल म्हणजे काटक्या विणून, वर माती लिंपून केलेली भिंत. म्हणजे आपला कूड! तिकडे गेलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी या झाडांच्या फांद्यांचे कूड घातले म्हणून झाडाला ते नाव पडलं. आजोबांच्या जुन्या घराच्या भिंती कुडाच्याच होत्या. त्याच कुळातलं सोनेरी वॉटल १९८८ पासून ऑस्ट्रेलियाचं राष्ट्रीय फूल आहे आणि १ सप्टेंबरला तिथे वॉटल दिवस असतो. तिकडे कोटावर फुलं लावून मिरवतात, इकडे आपण कपाळाला हात लावतो. बंगालमध्ये आमच्या गडग्यावरच्याच जातीला सोनाझुरी म्हणतात. शांतिनिकेतनजवळ त्या झाडांखाली भरणारा सोनाझुरी हाट प्रसिद्ध आहे. एकच झाड. कोकणात त्याच्याकडे बघून कोणाला सोनं आठवलं नाही, बंगाल्यांना आठवलं.

आणि त्याची पानं. ती पानंच नाहीत! बी रुजून रोप वर येतं तेव्हा पहिली काही पानं बाभळीसारखी बारीक, पिसांसारखी असतात. मग ती यायची बंद होतात आणि देठच चपटा, रुंद, कोयत्यासारखा होऊन पानाचं काम करायला लागतो. मी तीस-पस्तीस वर्षं ज्याला पान म्हणत आलो तो देठ होता. शेंगा वाळल्या की कानासारख्या पिळवटतात, त्याच्या लॅटिन नावातही कान आहे. काळं बी केशरी दोऱ्याला लोंबकळत असतं. लहानपणी आम्ही त्या शेंगा कानाला लावून हिंडायचो. पाऊस सरला की पिवळे तुरे यायचे आणि सकाळी पाणंदीत पिवळी पूड पडलेली असायची. आईला ती झाडायचा कंटाळा यायचा, मला त्यात पायांचे ठसे उमटवायला आवडायचे. जेवताना यातलं काहीच आठवलं नव्हतं.

आता दोघांना शेजारी ठेवून बघा. एक इथला, पण नको झालेला. दुसरा परका, पण आपणच आमंत्रण देऊन आणलेला. मला वाटलं होतं की यातून काहीतरी सोपा निवाडा निघेल. इथल्याला ठेवा, परक्याला काढा, असं. निसर्गप्रेमी मित्र हेच सांगतात, आणि जंगलाच्या बाबतीत त्यांचं बरोबरही आहे. पण बाबांच्या परसात हा नियम लावायला गेलो तर बरंच काही टिकत नाही. काजू ब्राझीलकडचा, चिकू आणि मिरची त्याच बाजूच्या, आणि उपरे म्हणून त्यांना कोणी तोडत नाही. अकेशियाही उपरा म्हणून तुटला नाहीच. जळणाला लाकूड हवं होतं तोवर तो चांगला होता. घरात गॅस आला, लाकडाची गरज संपली, तेव्हा त्याचा परकेपणा आठवला. केलड्याचंही तेच. हनुमान जयंतीला आम्ही मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या भाऊबंदांमागे दगड घेऊन धावतो. दोघांचं खातं आम्हीच लिहितोय, आणि त्यात एकच रकाना आहे : मला उपयोग किती.

रामायणात वालीचं प्रकरण आहे ना, किष्किंधाकांडातलं. बाण लागून पडलेला वाली रामाला विचारतो की मला का मारलंस, माझं कातडं, हाडं, मांस काहीच तुझ्यासारख्याच्या उपयोगाचं नाही. राम जी उत्तरं देतात त्यातलं एक असं की तू शाखामृग, आणि राजे मृगांची शिकार करतातच. या संवादावर मोठमोठ्यांनी लिहिलंय, मी रामाला जाब विचारायला बसलेलो नाही. मला अडकवलं ते वालीच्या बोलण्याने. मरताना तोसुद्धा उपयोगाचीच भाषा बोलतो. मी तुझ्या कामाचा नाही, म्हणून मला सोड. अकेशिया उलट कामाचा होता. लाकूडवाल्याने टेंपोत भरताना रोख पैसे मोजले. कामाचा नाही म्हणून जगू दे, आणि कामाचा आहे म्हणून तोड. किंवा बरोबर उलटं. कसंही फिरवा, मोजपट्टी माझ्याच हातात.

माऊलींच्या ओवीकडे मी इथून परत गेलो. ते म्हणतात की मीपणाचा भेदच उरला नाही तर हा डास आणि हा हत्ती असं उरेल कुठे. मी आजवर याचा अर्थ लावायचो की डासाला हत्तीइतका मोठा माना. आता वाटतं, माऊली आधी मोजणाऱ्याचा हात बाजूला करतायत. हत्ती हत्तीच राहतो आणि डासही डासच. फक्त माझ्या सोयीची फूटपट्टी मधून जाते. श्लोकात समदर्शी म्हटलंय, सगळ्यांशी सारखं वागा असं म्हटलेलं नाही, हे जुने टीकाकार सांगतातच. गायीला चारा आणि हत्तीला ऊस हे वेगळं द्यावंच लागतं. आजारी पोराला पेज आणि धडधाकट पोराला भाकरी देणारी आई भेदभाव करत नाही.

पण मंडळी, ही पळवाट पण होऊ शकते बरं का. "नजर सम आहे, वागणं वेगळं" असं म्हणत माणसाने माणसाशी काय काय केलं ते आपल्याला माहीत आहे. या श्लोकातल्या पाचव्या माणसाला शतकानुशतकं पाणवठ्यावर येऊ दिलं नाही, आणि श्लोक मात्र रोज म्हटला गेला. त्यामुळे नजर सम आहे असं मी म्हणतो त्याला काही पुरावा हवा. वागण्यात कुठेतरी ती दिसली पाहिजे. नाहीतर मी ८ झाडं तोडून वर सम नजरेने जेवलो असंही म्हणेन.

पुरावा कसा दिसतो हे शोधताना मला दोन जुन्या गोष्टी सापडल्या. यज्ञात यूपासाठी झाड तोडायचं तेव्हा घाव घालायच्या जागी आधी दर्भाची काडी ठेवत. त्या काडीला सांगत की याचं रक्षण कर, आणि कुऱ्हाडीला सांगत की याला दुखवू नकोस. तोडणार तर आहेतच! हा विनोद आहे की ढोंग, असं मला आधी वाटलं. दुसरी वराहमिहिराच्या बृहत्संहितेतली. मूर्तीसाठी लाकूड आणायला वनात जायचं, तोडायच्या आधी झाडाची पूजा करायची, नैवेद्य ठेवायचा, आणि त्या झाडावर राहणाऱ्या भूतांना विनंती करायची की तुम्ही आज दुसरीकडे मुक्काम हलवा, आणि क्षमा करा. झाड दुसऱ्या दिवशी सकाळी तोडायचं. एक रात्र मध्ये.

ती मधली रात्र माझ्या डोक्यातून जात नाही. ती सोडल्याने झाड वाचत नाही. पण त्या रात्रीपुरतं झाड तुमच्या हिशोबाच्या बाहेर असतं. त्यावर कोण राहतं याचा विचार करावा लागतो. आमच्या त्या ८ झाडांवर कोणाची घरटी होती मला माहीत नाही. बघितलंच नाही. मशीनवाल्याला तासाचे पैसे होते. केलडीने जिथे दोन दिवस काढले ते झाडही त्या आठांतलंच, तिच्याच रक्ताचा वाळका डाग त्याच्या सालीवर होता. दया आणि करवत एकाच झाडावर चालली आणि मला सांधा दिसला नाही.

हे सगळं मागच्या रविवारी बाबांना फोनवर सांगितलं. ते वराहमिहिराने अजिबात दिपले नाहीत. म्हणाले, "गाऱ्हाणा घालतत तसाच ता." तसंच आहे की! कोकणात विहीर खणायची, घर बांधायचं, माडावर पहिल्यांदा चढायचं, काहीही असो, आधी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात, आणि बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. बाबा वाडीत गाऱ्हाणं घालण्यात पटाईत. मी विचारलं, "मग त्या आठ झाडांच्या वेळी तुम्ही घातलंत?" फोनवर इतका वेळ शांतता होती की मला वाटलं रेंज गेली.

मग आई आली फोनवर. केलडी परत दिसली म्हणाली, मागचा पाय उचलूनच चालते. पिल्लू मोठं झालंय, आता पाठीवर बसतं. राहिलेल्या ३ झाडांवरूनच येतात अजून. बाबांनी माडांच्या बुंध्यांना पत्रे ठोकून घेतलेत, त्याने थोडा फरक पडलाय, थोडाच.

वायरमनने पुढच्या शनिवारची तारीख दिली आहे. ती ३ झाडं ठेवायची की तोडायची हे ठरलेलं नाही. बाबा म्हणतात, तोडली नाहीत तर कौलांचा खर्च तू दे, आणि तोडली तर गाऱ्हाणं तू घाल, यंदा मी घालणार नाही. शुक्रवारच्या रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलंय, पण ती सकाळी पोचते. मधली रात्र हवी तर गुरुवारीच निघायला हवं, त्यासाठी एक रजा टाकावी लागेल. गाऱ्हाण्यात काय बोलायचं ते लिहायला बसलोय. "बा देवा म्हाराजा" इथपर्यंत आलंय. पुढे झाडाचं नाव घ्यायचं, तर आकेशी म्हणावं की आणखी काही, तिथेच थांबलोय.

राम कृष्ण हरी.